स्टेंटनंतरच्या दोन गोळ्या आणि दुसरीची तारीख

अँजिओप्लास्टी करून घरी आलेल्या माणसाच्या डिस्चार्ज कार्डावर सात-आठ औषधे लिहिलेली असतात आणि त्यांतली दोन एकाच कामासाठी असतात. रक्तातल्या प्लेटलेट्सनी एकमेकींना चिकटून गुठळी करू नये, हे ते काम. पहिली गोळी अ‍ॅस्पिरिनची, आपल्याकडे बहुतेक वेळा ७५ मिलिग्रॅमची. दुसरी क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल यांपैकी एक. तालुक्याच्या गावी औषधांच्या दुकानात मी एकवीस वर्षे उभा आहे आणि या दोन गोळ्यांच्या बाबतीत लोकांच्या हातून होणाऱ्या चुका मी दोनच प्रकारच्या पाहिल्या. काही जण दुसरी गोळी फार लवकर सोडतात आणि काही जण ती कधीच सोडत नाहीत. दोन्हींचे मूळ एकच आहे. दुसऱ्या गोळीला मुदत असते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते, किंवा सांगितलेले असले तरी ते कुठे लिहून ठेवलेले नसते.

गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त शिक्षक दुकानात आले. हातात चार घड्या घातलेले डिस्चार्ज कार्ड होते, घडीवर कागद विरून आरपार दिसू लागला होता. इकोस्प्रिन (म्हणजे अ‍ॅस्पिरिनच) ७५ समोर ०-१-० आणि टिकाग्रेलॉर ९० समोर १-०-१ असे लिहिलेले. पैसे देण्यासाठी त्यांनी हात पुढे केला तेव्हा मनगटापासून कोपरापर्यंत निळे-जांभळे डाग दिसले, म्हणून मी कार्डावरची तारीख पाहिली. स्टेंट बसवून तीन वर्षे दोन महिने झाले होते. कार्डावर ‘औषधे चालू ठेवणे’ एवढेच होते. दर महिन्याला ते त्याच कागदावर दोन्ही गोळ्या नेत होते, आणि देणाऱ्यांत मीही होतो. मी त्यांना त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवले. तपासणीत हिमोग्लोबिन नऊ निघाले आणि टिकाग्रेलॉर त्याच दिवशी बंद झाले. तेव्हापासून या गोळ्यांची चिठ्ठी हातात आली की मी आधी तारीख विचारतो. पुढचे सगळे त्याच सवयीतून लिहिले आहे.

गोळ्या नेमके काय करतात

स्टेंट म्हणजे धातूची बारीक जाळी. ती रक्तवाहिनीत उघडली की रक्ताच्या दृष्टीने ती परकी वस्तू असते आणि प्लेटलेट्स तिच्यावर जमू लागतात. काही आठवड्यांत आणि महिन्यांत रक्तवाहिनीचे आतले अस्तर हळूहळू जाळीवर चढते, जाळी झाकली जाते आणि धोका उतरतो. हल्ली बहुतेक स्टेंटवर औषधाचा लेप असतो. जाळीच्या आत पुन्हा मांस वाढून वाहिनी अरुंद होऊ नये म्हणून तो दिलेला असतो, पण त्याच लेपामुळे अस्तर चढायलाही वेळ लागतो. तोवर राखण करायची ती या दोन गोळ्यांनी. दोन्ही वेगवेगळ्या मार्गांनी प्लेटलेट्सना अडवतात, म्हणून त्या एकमेकींना पर्याय नाहीत.

उघड्या जाळीत गुठळी झाली तर वाहिनी अचानक पूर्ण बंद होते. असा झटका मोठा असतो आणि त्यात मृत्यूचे प्रमाणही मोठे आहे. हा धोका पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त असतो, आणि आजवरच्या अभ्यासांत अशा गुठळीमागे जी कारणे सापडली त्यांत गोळ्या वेळेआधी बंद करणे हे सर्वांत ठळक कारणांपैकी एक आहे. म्हणून पहिल्या महिन्यात एकही दिवस, एकही मात्रा चुकता कामा नये. क्लोपिडोग्रेल, प्रासुग्रेल किंवा अ‍ॅस्पिरिन दिवसातून एकदाच घ्यायची असते. सकाळची राहिली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्यावी, दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नयेत. टिकाग्रेलॉर दिवसातून दोनदा घ्यायचे असते आणि त्याचा परिणाम लवकर ओसरतो. त्याची एखादी मात्रा राहिलीच, तर पुढची ठरल्या वेळी एकच घ्यावी.

दुसऱ्या गोळीची तारीख कशी ठरते

घरच्यांनी डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारावा तो हा, की स्टेंट कोणत्या परिस्थितीत बसवला. हार्ट अटॅक आला होता, किंवा बसल्या जागी छातीत दुखू लागल्याने तातडीने दाखल करावे लागले होते, तर दोन्ही गोळ्यांची सर्वसाधारण मुदत १२ महिने असते. अटॅक आला नव्हता, चालताना किंवा जिना चढताना दम लागायचा, छाती भरून यायची, तपासणीत अडथळा सापडला आणि ठरवून स्टेंट बसवला, तर सर्वसाधारण मुदत ६ महिने असते. युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांच्या मार्गदर्शक सूचना या दोन आकड्यांवर बऱ्याच अंशी एकमत आहेत आणि आपल्याकडचे डॉक्टरही तेच धरून चालतात. त्यामुळे शेजारच्या काकांची गोळी सहा महिन्यांत थांबली आणि आपली वर्षभर चालू आहे, यात कोणाचेच चुकलेले नसते.

मुदतीचे आकडे काळाप्रमाणेही बदलत आले आहेत, आणि ते का बदलले हे ठाऊक असले की घरातल्या जुन्या सल्ल्यांनी गोंधळ होत नाही. औषधाचा लेप असलेले पहिल्या पिढीचे स्टेंट २००२-०३ च्या सुमारास बाजारात आले. २००६ मध्ये बार्सिलोना येथे भरलेल्या युरोपीय हृदयरोग परिषदेत असे समोर आले, की या स्टेंटमध्ये वर्ष उलटल्यानंतरही गुठळी होऊ शकते. त्या भीतीपोटी सरसकट किमान वर्षभर दोन्ही गोळ्या द्याव्यात असा सल्ला रूढ झाला, आणि काही डॉक्टर त्याहून जास्त काळ देऊ लागले. पुढे जाळीची तार अधिक बारीक झाली, लेप सुधारले, गुठळीचे प्रमाण घटले. त्यामुळे २०१६ मध्ये अमेरिकेतल्या सूचनांनी, अटॅक न आलेल्या रुग्णांसाठी मुदत सहा महिन्यांवर आणली. ज्यांना २००८ साली स्टेंट बसला होता त्यांचा अनुभव आज स्टेंट बसलेल्याला जसाच्या तसा लागू करता येत नाही, तो याच कारणाने.

दुसरा प्रश्न रक्तस्रावाचा. गुठळी रोखणारी गोळी जखमेवरची खपलीही उशिरा धरू देते, त्यामुळे ज्याच्या शरीरात रक्तस्राव होण्याची शक्यता मुळातच जास्त आहे त्याची मुदत डॉक्टर कमी करतात. वय पंचाहत्तर किंवा त्याहून जास्त असणे, हिमोग्लोबिन कमी असणे, आणि ते ११ च्या खाली असेल तर विशेषच, मूत्रपिंडाचा आजार, प्लेटलेट्स एक लाखाच्या खाली असणे, पूर्वी मेंदूत रक्तस्राव झालेला असणे, अलीकडे पोटातून रक्त गेलेले असणे, यकृताचा सिरोसिस, चालू असलेला कर्करोग, आणि गुडघेदुखीसाठी वर्षानुवर्षे घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, या सगळ्या गोष्टी त्या हिशेबात येतात. अशा रुग्णांत एक ते तीन महिन्यांनी एका गोळीवर येणेही सुरक्षित असू शकते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मास्टर डॅप्ट’ या अभ्यासात साडेचार हजारांहून अधिक अशा रुग्णांना पाहिले गेले. त्यात महिन्याभराने एका गोळीवर आणलेल्यांना अटॅक, पक्षाघात वा मृत्यूचा धोका वाढला नाही आणि रक्तस्राव कमी झाला. घरच्यांनी हे मुद्दे डॉक्टरांना आपणहून सांगावेत. मूळव्याधीतून रक्त जाते, ही गोष्ट हृदयाच्या डॉक्टरांपुढे बोलायला माणसे संकोचतात. तोच तपशील मुदत ठरवताना डॉक्टरांच्या उपयोगी पडतो.

उलट काहींची मुदत वर्षाच्या पुढेही जाते. मधुमेह, एकाहून अधिक अटॅक, तीन किंवा जास्त स्टेंट, डाव्या मुख्य वाहिनीतला किंवा फाट्यावरचा स्टेंट, पूर्वी स्टेंटमध्ये गुठळी झालेली असणे, अशी परिस्थिती असेल आणि वर्षभरात रक्तस्रावाचा काहीही त्रास झालेला नसेल, तर डॉक्टर दुसरी गोळी पुढे चालू ठेवण्याचा विचार करतात. टिकाग्रेलॉर असेल तर वर्षानंतर बऱ्याचदा ९० ऐवजी ६० मिलिग्रॅमची मात्रा देतात. यात मिळते काय आणि जाते काय, हे २०१४ च्या एका मोठ्या अभ्यासात नीट दिसते. जवळपास दहा हजार रुग्णांत १२ महिन्यांनी दुसरी गोळी थांबवणे आणि ३० महिन्यांपर्यंत ती चालू ठेवणे यांची तुलना केली गेली. चालू ठेवणाऱ्यांत अटॅकचे प्रमाण ४.१ टक्क्यांवरून २.१ टक्क्यांवर आले, पण मध्यम ते गंभीर रक्तस्राव १.६ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर गेला. ‘जास्त दिवस घेतली तर बिघडले कुठे?’ असे मला काउंटरवर नेहमी विचारले जाते, तेव्हा मी हेच आकडे सांगतो. कोणासाठी कोणते पारडे जड, हे रुग्णाच्या फाइलवरून तज्ज्ञच ठरवू शकतात. औषध दुकानदाराने, शेजाऱ्याने किंवा मोबाइलवर आलेल्या निरोपाने ते ठरत नाही.

मुदत संपल्यावर शिल्लक राहणारी एक गोळी सहसा जन्मभराची असते. ती बहुतेकांच्या बाबतीत अ‍ॅस्पिरिन असते, पण हल्ली काही डॉक्टर तीन महिन्यांनंतर अ‍ॅस्पिरिन थांबवून टिकाग्रेलॉर एकटे चालू ठेवतात, तर काही जण दीर्घकाळासाठी अ‍ॅस्पिरिनऐवजी क्लोपिडोग्रेल पसंत करतात. दोन्हींमागे चांगले अभ्यास आहेत. म्हणून ‘अ‍ॅस्पिरिन कायम, दुसरी बंद’ असे गृहीत न धरता, कोणती राहणार आणि कोणती जाणार, ते नावानिशी लिहून घ्यावे.

ज्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित आहेत आणि त्यासाठी अ‍ॅपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन, डॅबिगॅट्रान किंवा वॉरफॅरिन चालू आहे, त्यांचे गणित पूर्ण वेगळे असते. बोली भाषेत आपण या सर्वच औषधांना ‘रक्त पातळ करण्याची गोळी’ म्हणतो, पण ही औषधे प्लेटलेट्सवर काम करत नाहीत, आणि अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल व यांपैकी एक अशी तिन्ही एकत्र घेतली तर रक्तस्राव फार वाढतो. अशा रुग्णांत अ‍ॅस्पिरिन साधारण आठवडाभरात, फार तर महिन्याभरात थांबवतात, क्लोपिडोग्रेल सहा किंवा बारा महिने ठेवतात आणि त्यानंतर बहुतेकांना ठोक्यांसाठीची गोळी एकटीच पुरते. तुमच्या घरात असा रुग्ण असेल आणि महिना उलटल्यावरही तिन्ही चालू असतील, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता फोन करावा.

एका कॅप्सूलमध्ये तीन औषधे

मी हे मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण याची गफलत दुकानात जितकी दिसते तितकी दवाखान्यात दिसत नसावी. आपल्याकडे अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉलचे अ‍ॅटॉर्व्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन अशी तिन्ही एका कॅप्सूलमध्ये मिळतात. एकच गोळी लक्षात ठेवायची असल्याने ती सोयीची असते. पण वर्ष झाले, ‘रक्त पातळ करायची बंद करा’ असा निरोप मिळाला आणि घरच्यांनी ती कॅप्सूलच बंद केली, तर त्याबरोबर अ‍ॅस्पिरिनही जाते आणि कोलेस्टेरॉलचे औषधही. प्रत्यक्षात थांबवायचे असते फक्त क्लोपिडोग्रेल. अशा वेळी नवी चिठ्ठी घेऊन अ‍ॅस्पिरिन आणि स्टॅटिन असलेली गोळी सुरू करावी लागते. याच्या उलटही घडते. कॅप्सूल चालू असते आणि दुसऱ्या डॉक्टरांनी लिहिलेली इकोस्प्रिन वेगळी घेतली जाते, म्हणजे अ‍ॅस्पिरिन दुप्पट. पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत घटकांची नावे असतात. ती वाचता येत नसतील तर दुकानदाराकडून वाचून घ्यावीत आणि सगळ्या चालू पट्ट्या एका पिशवीत घालून वर्षातून एकदा तरी डॉक्टरांपुढे ठेवाव्यात.

टिकाग्रेलॉर घेणाऱ्या काहींना, विशेषतः सुरुवातीच्या दिवसांत, दम लागल्यासारखे वाटते. हा त्या औषधाचा ओळखीचा दुष्परिणाम आहे, पण स्टेंट बसलेल्या माणसाचा दम नेमका कशाचा, हे घरी ओळखता येत नाही. डॉक्टर हवे तर क्लोपिडोग्रेलवर आणतात. बदलताना काही वेळा पहिली मात्रा मोठी द्यावी लागते, म्हणून एक पट्टी परत करून दुसरी नेण्याइतके ते सोपे नसते.

दात, मोतीबिंदू आणि ऑपरेशन

आमच्याच एका ग्राहकाला स्टेंट बसून चार महिने झाले होते. दाढ काढायची होती. एका दवाखान्यात त्यांना पाच दिवस रक्ताच्या गोळ्या बंद करायला सांगितले गेले आणि त्यांनी दोन्ही बंद केल्या. सहाव्या दिवशी पहाटे छातीत कळ आली. सुदैवाने जिल्ह्याच्या ठिकाणी वेळेत पोहोचले, बंद झालेला स्टेंट पुन्हा उघडता आला आणि ते आजही चालत दुकानात येतात. दात काढण्यासाठी सहसा या गोळ्या थांबवाव्या लागत नाहीत. जखमेवर दाब देणे, टाका घालणे, रक्त थांबवणाऱ्या औषधाच्या गुळण्या अशा उपायांनी रक्त आटोक्यात येते. थेंब टाकून भूल देऊन केलेल्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतही बहुधा गोळ्या चालू ठेवतात.

मोठे ऑपरेशन असेल आणि ते थांबू शकत असेल, तर ते दुसऱ्या गोळीच्या मुदतीपलीकडे ढकलणे उत्तम. हर्निया किंवा गुडघ्याचे प्रत्यारोपण सहसा थांबू शकते. थांबणे शक्य नसेल तर शस्त्रक्रिया करणारे आणि स्टेंट बसवणारे, दोन्ही डॉक्टर आपसात बोलून ठरवतात. साधारणपणे क्लोपिडोग्रेल ५ दिवस, प्रासुग्रेल ७ दिवस आणि टिकाग्रेलॉर ३ ते ५ दिवस आधी थांबवतात, अ‍ॅस्पिरिन शक्यतो चालूच ठेवतात आणि नंतर दुसरी गोळी लवकरात लवकर पुन्हा सुरू करतात. रुग्णाने एवढेच करायचे, की ‘गोळ्या बंद करा’ असे कोणीही म्हटले तर ‘माझ्या हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून घ्या’ असे नम्रपणे पण ठामपणे सांगायचे.

रोजच्या व्यवहारात

दाढी करताना कापणे, ब्रश करताना हिरड्यांतून थोडे रक्त येणे, हातापायावर किरकोळ निळा डाग उठणे, या गोष्टी गोळ्या चालू असताना होणारच. त्यासाठी गोळी बंद करू नये. कापले तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटे सलग दाबून धरावे, नाकातून रक्त आले तर पुढे वाकून नाकाचा मऊ भाग तेवढाच वेळ दाबावा. शौच डांबरासारखी काळी होणे, लघवीतून रक्त येणे, डाग वाढत जाणे किंवा थकवा आणि चेहऱ्यावर फिकटपणा दिसणे, अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, तेही सांगावे. रक्ताची उलटी, अचानक असह्य डोकेदुखी, अर्धे अंग लुळे पडणे किंवा छातीत पुन्हा दुखणे, यांत १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठावे.

अंगदुखी आणि तापासाठी पॅरासिटामॉल घ्यावे. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या पोटातून रक्तस्राव घडवतात, आणि आयबुप्रोफेन अ‍ॅस्पिरिनच्या कामातही आड येते. पित्तासाठी पँटोप्रॅझोल बहुधा कार्डावरच असते. क्लोपिडोग्रेल चालू असताना त्याच्या जागी दुकानातून ओमेप्रॅझोल किंवा इसोमेप्रॅझोल घेऊ नये, कारण त्याने क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी होतो. पावसाळ्यात डेंग्यूच्या तापात प्लेटलेट्स उतरतात. तेव्हा गोळ्या चालू ठेवायच्या की थांबवायच्या, हा निर्णय रोजच्या तपासणीवर आणि स्टेंट किती जुना यावर अवलंबून असतो. त्यामुळे ताप आला की पहिल्याच भेटीत ‘मला स्टेंट आहे’ हे सांगावे.

एकादशी असो, नवरात्र असो, उपवासाच्या दिवशीही या गोळ्या चुकवायच्या नाहीत. अ‍ॅस्पिरिन उपाशीपोटी झोंबत असेल तर उपवासाच्या फराळानंतर घ्यावी. आषाढीच्या वारीत निघणाऱ्यांनी पूर्ण प्रवासाच्या आणि आठ दिवस जास्तीच्या गोळ्या दोन ठिकाणी विभागून ठेवाव्यात, म्हणजे एक पिशवी भिजली तरी खंड पडत नाही. परदेशी मुलाकडे जाताना त्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत असाव्यात. घरीसुद्धा शेवटची पट्टी अर्धी उरली की नवी आणावी. पैशांमुळे गोळी बंद पडत असेल तर ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅस्पिरिन जनऔषधी केंद्रात अगदी स्वस्त मिळतात, आणि पेटंटची मुदत संपल्यावर अनेक भारतीय कंपन्या टिकाग्रेलॉर बनवू लागल्याने तेही पूर्वीइतके महाग राहिलेले नाही.

आता तारखेचे. डिस्चार्जच्या दिवशीच तीन गोष्टी कार्डावर लिहून घ्याव्यात: स्टेंट कोणत्या तारखेला आणि कशासाठी बसवला, दुसरी गोळी कोणत्या महिन्यापर्यंत, आणि त्यानंतर कोणती राहणार. त्या महिन्याच्या पंधरा दिवस आधी भेटीची वेळ घ्यावी, हिमोग्लोबिन आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन तपासून न्यावे आणि वर्षभरात रक्त कधी, कुठून गेले ते सांगावे. तारीख आली म्हणून गोळी आपोआप थांबत नाही, डॉक्टरांनी सांगितल्यावरच ती थांबवायची. थांबवल्यानंतरही पहिली गोळी, कोलेस्टेरॉलचे औषध, रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या तशाच चालू राहतात. स्टेंटचे कार्ड पाकिटात कायम ठेवावे, कारण दहा वर्षांनी दुसऱ्या गावी दाखल व्हावे लागले तर तिथल्या डॉक्टरांना स्टेंट कुठे आणि कोणता, हे त्यावरूनच कळते.